हा रकाना भरतं कोण, आणि कधी?

मशीन लर्निंगवरची, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज करायला संगणकाला शिकवण्यावरची, कुठलीही जाहीर चर्चा ऐका, दहाव्या मिनिटाला ती टक्क्यांवर येऊन बसलेली असते. एक बाजू सांगते, आमचं मॉडेल ९६ टक्के अचूक आहे. माणसं तरी एवढी अचूक असतात का? दुसरी बाजू उरलेल्या चार टक्क्यांतलं एखादं ठसठशीत उदाहरण शोधून काढते, भलत्याच माणसाला ओळखणारा कॅमेरा किंवा धडधाकट माणसाला आजारी ठरवणारं यंत्र, आणि विचारते, याच्यावर विसंबायचं कसं? पहिल्यांना वाटतं दुसऱ्यांना गणित कळत नाही. दुसऱ्यांना वाटतं पहिल्यांना माणसं कळत नाहीत. या धुमश्चक्रीत एक गोष्ट मात्र दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलेली असते : ९६ हा आकडा खरा आहे. भांडण फक्त तो पुरतो की नाही, एवढ्यावर.

माझ्या मते हे भांडण चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. आकडा मोठा की लहान, हे नंतर बघू. तो कशावर मोजला, मोजण्यासाठी त्या ओळी कुणी बाजूला काढल्या आणि बाजूला काढण्याआधी डेटावर काय काय संस्कार होऊन गेले होते, हे आधी विचारायला हवं. आधी डेटा तयार करायचा, ते काम उरकलं की मॉडेल बनवायचं आणि शेवटी त्याची परीक्षा घ्यायची, अशी तीन खोल्यांची चाळ आपल्या डोक्यात असते. प्रत्यक्षात पहिली आणि तिसरी खोली एकच आहे. डेटातली एखादी ओळ ठेवताना, गाळताना, रिकामी जागा भरताना आपण परीक्षेचा पेपरच लिहीत असतो. ते भान नसलं तरी पेपर लिहिला जातोच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, तोंडावर आपटून शिकलो. काही वर्षांपूर्वी यंत्रांच्या बिघाडाचं भाकीत करणारं मॉडेल आम्ही बनवत होतो. प्रत्येक ओळीत एका यंत्राचा एक आठवडा : तापमान, कंपन, किती तास चाललं, शेवटची देखभाल कधी झाली. शेवटच्या रकान्यात उत्तर : त्या आठवड्यात यंत्र बंद पडलं का, हो किंवा नाही. मधेच कुठेतरी 'तपासणी संकेतांक' नावाचा एक रकाना होता. दोन आकडी संख्या, आणि बहुतेक ओळींत रिकामा. रिकाम्या जागी आम्ही शून्य भरलं; सगळे भरतात. मग नियमाप्रमाणे ओळी पिसल्या, वीस टक्के ओळी टेस्ट सेट म्हणून, म्हणजे मॉडेलला न दाखवता त्याची परीक्षा घेण्यासाठी, वेगळ्या ठेवल्या, उरलेल्यांवर मॉडेल शिकवलं. अचूकता ९९ टक्के. त्या दिवशी आम्ही लवकर घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी स्क्रीनकडे बघत बघत विचारलं, ''अरे, हा रकाना भरतं कोण? आणि कधी?'' त्यांची निम्मी नोकरी यंत्रांच्या खडखडाटात गेली होती, मॉडेलांशी त्यांचा संबंध जेमतेम. आम्ही चौकशी केली. तो संकेतांक दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ भरायचा. म्हणजे यंत्र बंद पडल्यावर. रकान्यात शून्य याचा अर्थ 'कुणी आलं नाही', म्हणजेच 'बिघाड झाला नाही'. आमचं मॉडेल यंत्राबद्दल काहीही शिकलं नव्हतं. ते नोंदवही वाचायला शिकलं होतं. आणि रिकाम्या जागी शून्य भरून ती वही आम्हीच त्याच्यासाठी सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती.

यात कुणी लबाडी केली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. कोडमध्ये चूक नव्हती. टेस्ट सेट वेगळा होता. कुंपण जागेवर होतं, आणि कुंपणानेच शेत खाल्लं होतं. या धंद्यात याला लीकेज म्हणतात, गळती : भाकीत करायच्या क्षणी जी माहिती हातात असूच शकत नाही, ती कुठल्यातरी फटीतून मॉडेलपर्यंत पोचणं. आमच्यासारख्या हौशानवशांचंच हे होतं असं मानून मी बरेच दिवस मनाची समजूत घालत होतो. मग प्रिन्स्टनच्या सायश कपूर आणि अरविंद नारायणन यांचं काम वाचनात आलं. त्यांनी वैद्यकापासून राज्यशास्त्रापर्यंत १७ क्षेत्रांतल्या अशा चुका गोळा केल्या आणि जवळजवळ तीनशे शोधनिबंधांना गळती लागल्याचं दाखवलं. यादवी युद्ध कुठे भडकेल याचं भाकीत करणारे निबंध त्यांनी पुन्हा चालवून पाहिले. नव्या, गुंतागुंतीच्या मॉडेलांनी लॉजिस्टिक रिग्रेशन या जुनाट, साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीला मागे टाकल्याचे दावे होते. गळती बुजवल्यावर ती आघाडी उरली नाही. एका ठिकाणी चूक कोणती होती? रिकाम्या जागा भरताना ट्रेनिंगच्या आणि टेस्टच्या ओळी एकत्र घेतल्या होत्या. वाचून मला आमचे शून्य आठवले.

डेटाची तयारी म्हणजेच परीक्षेची रचना, हे पाहायचं असेल तर हस्तलिखित अंकांचा 'एमनिस्ट' हा संच बघा. या क्षेत्रात पाऊल टाकणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला धडा त्यावर गिरवतो, पण तो तसा का आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेकडे अंकांचे दोन गठ्ठे होते. एक जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला, दुसरा शाळकरी मुलांनी. निस्टने कर्मचाऱ्यांचा गठ्ठा शिकवायला आणि मुलांचा तपासायला नेमला होता. कर्मचाऱ्यांचे अंक स्वच्छ, सुबक. मुलांची अक्षरं मुलांसारखी. संगणकशास्त्रज्ञ यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की, अशा परीक्षेतून मॉडेलचा गुण कळत नाही, दोन गठ्ठ्यांतला फरक कळतो. त्यांनी दोन्ही मिसळले : शिकवायला प्रत्येकाचे ३०,०००, तपासायला प्रत्येकाचे ५,०००. आणि एक खबरदारी घेतली, जी आजही अनेक जण घेत नाहीत. ज्या माणसाचं अक्षर शिकवायच्या भागात आहे, त्याच माणसाचं अक्षर तपासायच्या भागात येऊ दिलं नाही.

आता सांगा, बरोबर परीक्षा कुणाची? माझं उत्तर : दोघांची. पाहिलेल्या लोकांसारख्याच, पण नव्या माणसांचं अक्षर वाचता येईल का, हा प्रश्न असेल तर लकून बरोबर. कधी न पाहिलेल्या गटाचं अक्षर वाचता येईल का, असा प्रश्न असेल तर निस्टची ती गैरसोयीची विभागणीच जास्त प्रामाणिक होती. अंक तेच, मॉडेल तेच, आणि दोन आकडे वेगळे. पुढे हजारो निबंधांत '९९ टक्क्यांहून जास्त' असं छापून आलं. कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, हे मात्र लोक विसरून गेले.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. म्हण खरी आहे, पण तिच्या पोटात एक अट आहे : भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. वरचं एक शीत दाबून तळाचा अंदाज घ्यायचा तर वर आणि तळ एकाच पातेल्यातले असून भागत नाही, ते एकसारखे असावे लागतात. ती अट मोडली की कितीही शितं तपासा, उपयोग नाही. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि साप्ताहिकाने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५०,००० लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाची यादी टेलिफोनधारक, मोटारमालक आणि स्वतःचे वर्गणीदार यांची होती. त्यातूनही उलट टपाली उत्तर धाडायची उमेद असणारेच मोजले गेले. डेटा अफाट होता, पण तो पातेल्याच्या एकाच कडेचा होता. 'डेटा भरपूर असला की चुका आपोआप धुऊन निघतात' असं म्हणणाऱ्याला मी हे सांगतो, तेव्हा तो म्हणतो, ते जुन्या काळचं झालं. मग मी त्याला २०१८ चा एक अभ्यास सांगतो. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी मॉडेलं दुसऱ्या रुग्णालयातल्या फिल्मांवर घसरली, आणि एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे हे मात्र अशा मॉडेलांना जवळजवळ बिनचूक सांगता येत होतं. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथली फिल्म ओळखली की अर्धा पेपर सुटलाच!

आता विरुद्ध बाजू. तिच्यात दम आहे आणि तो मी लपवणार नाही.

पहिला आक्षेप असा : तुम्ही टेस्ट सेटवर इतका संशय घेता, पण या क्षेत्राची सगळी प्रगती एका सामायिक टेस्ट सेटच्या जोरावरच झाली. इमेजनेट या चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना तीच चित्रं, तोच नियम. २०१२ मध्ये टोरांटोच्या चमूने न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेलं मॉडेल) वापरून चूक, म्हणजे पहिल्या पाचही अंदाजांत बरोबर उत्तर नसण्याचं प्रमाण, १५.३ टक्क्यांवर आणली. दुसऱ्या क्रमांकाची चूक २६ टक्क्यांच्या वर होती. त्या एका फरकाने वाद मिटला, नाहीतर न्यूरल नेटवर्कचे समर्थक आणि विरोधक अजून परिषदांतून भांडत बसले असते. बरं, एकच पेपर वर्षानुवर्षं वापरल्याने लोकांनी तो पाठ केला असेल, ही शंकाही तपासून झाली आहे. बर्कलीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मूळ पद्धत बरहुकूम पाळून इमेजनेटसाठी नवी चित्रं गोळा केली आणि जुनी मॉडेलं त्यांवर चालवली. मॉडेलांचा क्रम जवळजवळ तसाच राहिला. वर्षानुवर्षांच्या घोकंपट्टीने पेपर फुटला, असं म्हणणाऱ्यांच्या (त्यांत मीही होतो) अंदाजाला त्या निकालाने टाचणी लावली.

मान्य. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निकाल सांगायला लोक सोयीस्करपणे विसरतात : क्रम टिकला, आकडा टिकला नाही. अचूकता ११ ते १४ टक्क्यांनी घसरली. तीच पद्धत, त्याच प्रकारची चित्रं, मुद्दाम काही बदललेलं नाही, आणि तरी एवढी घसरण. संशोधकाला क्रम पुरतो, कारण त्याला 'अ' चांगलं की 'ब' चांगलं एवढंच हवं असतं. जो माणूस ते मॉडेल दवाखान्यात, न्यायालयात किंवा रस्त्यावर आणणार, त्याच्यासमोरचा प्रश्न 'अ की ब' नसतो. 'हे वापरावं की वापरूच नये' असा असतो. तिथे क्रम कामाचा नाही, आकडाच लागतो, आणि तो आकडा परक्या पेपरात किती गळतो हे कुणी मोजलेलं नसतं. शिवाय इमेजनेटच्या व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणीच्या, संचात सुमारे ६ टक्के लेबलंच (चित्रात काय आहे ती ठरवून दिलेली उत्तरं) चुकीची असल्याचं २०२१ मध्ये दाखवलं गेलं. अग्रभागी असलेली मॉडेलं एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या फरकाने विजयी ठरत असताना उत्तरपत्रिकेतच सहा टक्के चुका असणं ही विनोदी परिस्थिती आहे, पण हसताना कुणी दिसलं नाही.

एकाच प्रकारच्या पेपरात उत्तम गुण मिळवणारं मॉडेल चुकीचं असू शकतं, याचा याहून जुना दाखला खगोलशास्त्रज्ञ केप्लरकडे आहे. टायको ब्राहेने वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून घेतलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. त्यांतल्या चार नोंदींवरून त्याने मंगळाच्या वर्तुळाकार मार्गाचं एक गणित बसवलं आणि उरलेल्या, त्याच जातीच्या नोंदींशी ताडून पाहिलं. दोन कलांच्या आत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सगळं जुळलं. आजच्या भाषेत, चार ओळींवर ट्रेनिंग, बाकीच्यांवर टेस्ट, निकाल झकास. कुणीही थांबला असता. केप्लरने मग वेगळ्या जातीच्या नोंदी काढल्या : मंगळ आकाशात वर-खाली किती सरकतो त्या. त्यांच्याशी गणित जमेना. त्यांच्याशी जमवायला जावं तर आधीच्या नोंदींत आठ कलांची चूक यायला लागली. आठ कला म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव रुंदीएवढ्या. टॉलेमीच्या काळच्या नोंदींत दहा कलांची चूक खपून जायची. पण टायकोच्या नोंदी किती काटेकोर आहेत, कशा घेतल्या आहेत, हे केप्लरला नेमकं माहीत होतं, म्हणून त्या आठ कला त्याला गिळता आल्या नाहीत. त्यातून त्याने वर्तुळ मोडलं आणि १६०९ मध्ये मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा छापून प्रसिद्ध झाली. त्या आठ कला दुर्लक्षाव्यात की नाहीत हे कुठल्याही सूत्रात लिहिलेलं नव्हतं. नोंद कशी झाली हे माहीत असणाऱ्यालाच त्याचं उत्तर देता येणार होतं.

दुसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या वाटणाऱ्या लोकांकडून येतो, आणि मला तो जास्त अडचणीचा वाटतो. ते म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सगळा रोग डेटात आहे, तेव्हा मॉडेलं घासत बसण्यापेक्षा डेटा स्वच्छ करा. या क्षेत्रातले नामवंत संशोधक अँड्र्यू इंग २०२१ पासून डेटाकेंद्री दृष्टिकोनाचा प्रचार करत आहेत, आणि चुकीची लेबलं सुधारल्याने मॉडेल बदलण्यापेक्षा जास्त फायदा होतो हा अनुभव अनेकांचा आहे. माझाही आहे. खटकतो तो 'स्वच्छ' हा शब्द. तो ऐकला की असं वाटतं, डेटा म्हणजे धुळीने माखलेली काच, पुसली की पलीकडचं दिसलं. पण कुठली धूळ आणि कुठलं दृश्य, हे ठरवायचं कुणी?

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थरात मोठी घट झाल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या उपकरणांनी दाखवलं. वरून फिरणाऱ्या अमेरिकी उपग्रहालाही ते अतिशय कमी आकडे दिसत होते. पण इतका कमी ओझोन असूच शकत नाही या समजुतीने तिथल्या संगणक प्रणालीत अशा नोंदींवर 'शंकास्पद' अशी खूण पडत होती. स्वच्छतेचा नियम चोख पाळला जात होता. जे जगाला कळायला हवं होतं, नेमकं त्याच्यावरच फुली. अवाजवी वाटणारी ओळ गाळणं म्हणजे 'असं होऊ शकत नाही' हे विधान करणं आहे, आणि ते विधान करताना आपण ना मॉडेलला विचारतो ना परीक्षेला.

याच्या उलटही होतं. डेटा लखलखीत असतो आणि मॉडेल घातक. नव्वदच्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांना किती धोका आहे हे सांगणारी मॉडेलं तयार होत होती. रिच कॅरुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हकीगत लिहून ठेवली आहे. डेटातून एक नियम निघाला : दमा असलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णाला मृत्यूचा धोका कमी. वैद्यकाचा विद्यार्थीही हसेल. पण नोंदींत एकही चूक नव्हती. दम्याच्या रुग्णांना डॉक्टर थेट अतिदक्षता विभागात हलवत, त्यामुळे ते खरोखरच जास्त वाचत. या मॉडेलचं ऐकून अशा रुग्णाला 'कमी धोका' म्हणून घरी पाठवलं असतं तर? कुठल्या झाडूने हा डेटा झाडायचा? लेबल बरोबर, नोंद बरोबर, बाजूला काढलेल्या टेस्ट सेटवर गुणही सर्वोत्तम. कारण टेस्ट सेटमधल्या दम्याच्या रुग्णांवरही तेच उपचार झाले होते. अखेर सर्वात अचूक असलेलं न्यूरल नेटवर्क त्यांनी वापरलंच नाही. ज्यातला नियम डोळ्यांनी वाचून खोडता येतो असं साधं मॉडेल पत्करलं. मॉडेल वापरात आल्यावर डॉक्टर वेगळं वागतील, आणि त्याने डेटाच बदलेल, हा प्रश्न स्वच्छतेच्या पलीकडचा आहे.

आणि साफसफाई परीक्षेच्या आधी उरकली की काय होतं, त्याचा सर्वात निर्दय प्रयोग स्टॅनफर्डच्या हेस्टी, टिबशिरानी आणि फ्रीडमन यांनी करून दाखवलेला आहे. पन्नास जण घ्या. निम्म्यांवर एक शिक्का मारा, निम्म्यांवर दुसरा. प्रत्येकासमोर पाच हजार रकाने आखा आणि ते निव्वळ मनमानी आकड्यांनी भरा. शिक्क्याचा आणि आकड्यांचा काडीचा संबंध नाही. नाणेफेकीपेक्षा बरं भाकीत कुणालाच करता येणार नाही. आता पाच हजारांतून शिक्क्यांशी सर्वात जास्त जुळणारे शंभर रकाने निवडा आणि बाकीचे 'निरुपयोगी' म्हणून काढून टाका. किती साधी, किती समंजस पायरी! मग रीतसर क्रॉस-व्हॅलिडेशन करा, म्हणजे ओळींचे भाग पाडून आलटून पालटून एक भाग तपासायला आणि बाकीचे शिकवायला. चूक सरासरी ३ टक्के निघते. खरी चूक ५० टक्के. कचऱ्यातून ९७ टक्के अचूकता उभी राहते, कारण ते शंभर रकाने निवडताना पन्नासच्या पन्नास उत्तरं बघून झालेली असतात. नंतर दहा भाग करा की वीस, पेपर आधीच फुटलेला आहे.

मोठमोठ्यांच्याही हातून हे सुटतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्याच एका चमूने एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलचा गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. संचात १,१२,१२० फिल्मा होत्या, पण माणसं ३०,८०५. पहिल्या आवृत्तीत विभागणी फिल्मांची केली होती, माणसांची नाही. एकाच माणसाची एक फिल्म शिकवायला आणि दुसरी तपासायला जाऊ शकत होती. निदर्शनाला आणून दिल्यावर त्यांनी ते सुधारलं. एमनिस्टवाल्यांनी १९९८ मध्ये घेतलेली खबरदारी हीच, आणि ती पुन्हा नव्याने शिकावी लागली.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : इतकं सोवळं पाळायला वेळ आणि डेटा कुणाकडे असतो? दीडशे ओळींतून वीस टक्के कुलपात ठेवल्या तर शिकवायचं कशावर? रास्त आहे. त्यावर माझं उत्तर एवढंच की, क्रॉस-व्हॅलिडेशन जरूर करा, पण रकाने निवडणं, रिकाम्या जागा भरणं, सरासरी काढणं हे सगळं प्रत्येक फेरीच्या आत, त्या फेरीतल्या ट्रेनिंगच्या ओळींवरच करा. त्याला जास्तीचा डेटा लागत नाही. लागते ती आकडा खाली येईल हे सोसायची तयारी.

खरी अडचण वेगळीच आहे. आकडा वर जावा असं ज्याला वाटतं, त्याच्याच हातात टेस्ट सेट असतो. वैद्यकाने हा प्रश्न कधीच ओळखला होता. स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालतं का, याची ब्रिटनमधली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण, औषध कुणाला आणि नुसती विश्रांती कुणाला, हे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आधीच ठरवून बंद लिफाफ्यांत घातलेलं. रुग्ण दाखल करून घ्यायचा निर्णय झाल्यावरच लिफाफा उघडायचा. फिल्मा वाचणाऱ्या डॉक्टरांनाही रुग्ण कुठल्या गटातला हे सांगितलं नव्हतं. ते डॉक्टर अप्रामाणिक होते म्हणून का हा बंदोबस्त? उलट, ते मनापासून रुग्ण बरा व्हावा अशी इच्छा करणारे होते म्हणून. इच्छा नजरेत उतरते. मॉडेल बनवणाऱ्याची नजर याला अपवाद असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

भाषेच्या मोठ्या मॉडेलांनी तर लिफाफा ही कल्पनाच अवघड करून टाकली आहे. ज्याने इंटरनेटवरचं दिसेल ते वाचलं, त्याला कुठला पेपर न वाचलेला द्यायचा? जीपीटी-३ या अशाच एका मॉडेलच्या २०२० च्या निबंधात बनवणाऱ्यांनीच सांगितलं आहे की, परीक्षांचे प्रश्न शिकवणीच्या मजकुरातून गाळणाऱ्या प्रक्रियेत चूक राहिली, काही प्रश्न तसेच आत गेले, आणि पुन्हा शिकवायचा खर्च झेपणारा नसल्याने ते तसंच ठेवलं. त्याच्या पुढच्या जीपीटी-४ च्या वेळी 'बिग-बेंच' या परीक्षेचे काही भाग शिकवणीत मिसळल्याचं आढळलं, म्हणून ती परीक्षाच वगळली. हे कबूल करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. कबुली देणारे थोडेच असतात. आणि निराशही व्हायचं कारण नाही. शाळकरी गणितांच्या एका प्रसिद्ध संचाच्या धर्तीवर २०२४ मध्ये हजारभर कोरी गणितं रचली गेली, तेव्हा काही मॉडेलांचे गुण ठळकपणे उतरले आणि आघाडीच्या मॉडेलांचे फारसे नाही. पाठ कुणी केलं आणि कुणाला येतं, हे कळलं. पेपर नवा होता आणि बनवणाऱ्याच्या हातात नव्हता, म्हणून.

असाच बाहेरचा पेपर 'एपिक' या कंपनीच्या, सेप्सिसचा (संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा) आधीच इशारा देणाऱ्या मॉडेलला २०२१ मध्ये मिशिगनमध्ये द्यावा लागला. तोपर्यंत ते अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत चालू होतं. कंपनीच्या कागदपत्रांत त्याची क्षमता ०.७६ ते ०.८३ होती, ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे बिनचूक अशा मापावर. बाहेरच्यांनी मोजली ती ०.६३ भरली, आणि सेप्सिस झालेल्यांपैकी दोन-तृतीयांश रुग्णांबाबत त्याने इशाराच दिला नव्हता. मॉडेलला पुरवल्या जाणाऱ्या घटकांत एक होता, डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आहे का. म्हणजे डॉक्टरांना आधीच शंका आलेली आहे का! पुढे कंपनीने तो घटक काढून टाकला. हा रकाना भरतं कोण, आणि कधी, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर?

आम्हीही आमचा तो रकाना काढून टाकला. ओळी पिसणं बंद केलं. जुन्या महिन्यांवर शिकवायचं आणि नंतरच्या महिन्यांवर तपासायचं, असं ठरवलं, कारण मॉडेलला काम पुढच्या आठवड्याचं करायचं होतं. एका यंत्राच्या ओळी दोन्हीकडे येऊ दिल्या नाहीत. अचूकतेऐवजी, खरोखर बंद पडलेल्या यंत्रांपैकी किती आधी पकडली, ते मोजायला लागलो. शंभरातली एकाहत्तर. बाईंनी तक्ता दोनदा खालीवर केला आणि म्हणाल्या, ''आता हे कामाचं वाटतंय.'' मग आम्ही तो निकाल वरिष्ठांच्या बैठकीत मांडला. पहिला प्रश्न आला, ''मागच्या महिन्यात तर नव्व्याण्णव होते. एवढ्यात बिघडलं काय?''